महाळुंग : खड्ड्यापासून बरणीपर्यंत

महाळुंग पहिल्यांदा चिरणाऱ्याचा हमखास हिरमोड होतो. नारळाएवढं फळ, घमघमणारा वास, आणि आत पाहावं तर मूठभर फोडी, चमचाभर आंबट रस आणि बाकी सगळी जाडजूड पांढरी साल. लिंबाच्याच कुळातलं म्हणून लिंबाच्या मापानं मोजलं तर हे फळ नापासच होणार. पण महाळुंग रसासाठी लावायचंच नसतं. त्याची साल हेच त्याचं फळ. लोणचं सालीचं, मुरंबा सालीचा, वासही सालीचाच. एवढं ध्यानात ठेवलं की हे झाड का लावायचं, फळ कधी काढायचं आणि स्वयंपाकघरात त्याचं काय करायचं, ते आपोआप उलगडत जातं.

कोकणातल्या जुन्या परसांत महाळुंगाचं एखादं झाड असायचं. आता ते दिसेनासं होत चाललं आहे. कुणी मुद्दाम तोडलं असं नाही. जुनी झाडं आयुष्य संपून वठली आणि त्यांच्या जागी नवी कुणी लावली नाहीत. हे झाड आंबा-फणसासारखं पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं नव्हे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरायला लागतं, पंधराव्या वर्षाच्या आसपास भरात असतं आणि पंचविशीत थकतं. म्हणून प्रत्येक पिढीनं ते नव्यानं लावावं लागतं. खटपट फार नाही. मात्र आपल्याकडच्या पावसात दोन-तीन गोष्टी चुकल्या तर झाड हातचं जातं, आणि त्या गोष्टी कुणी नीट सांगत नाही.

आधी झाड ओळखा

रोपवाटिकेत महाळुंग मागितलं की पुष्कळदा ईडलिंबू हातात पडतं, कधी पपनस. फळ लागेपर्यंत थांबायची गरज नाही, पानावरून ओळखता येतं. पपनसाच्या पानाच्या देठाला रुंद पंख असतो, जणू एका पानाखाली दुसरं छोटं पान. कागदी लिंबाच्या देठाला बारीक पंख असतो आणि देठ-पान जोडलेल्या जागी सांधा स्पष्ट दिसतो. महाळुंगाच्या देठाला पंख जवळजवळ नसतोच आणि सांधाही जाणवत नाही. पान लांबट, कडेला बारीक दाते असलेलं, चुरगाळलं की लिंबाहून मऊ, गोडसर वास येतो. कोवळी फूट जांभळट असते, कळ्याही बाहेरून जांभळट-गुलाबी. काटे जाड आणि टोकदार. झाड उंच वाढत नाही, दहा-बारा फुटांचं वेडंवाकडं झुडूपच म्हणा.

फळ लांबट, खडबडीत, गाठी-खाचांचं, देठाकडे बरेचदा खोलगट आणि टोकाला बोंडासारखा उंचवटा. अर्धा किलोपासून दीड-दोन किलोपर्यंत सहज भरतं. हाताच्या बोटांसारख्या फाकळ्या असलेलं एक फळ फोटोंत दिसतं, ज्याला बुद्धाचा हात म्हणतात, तोही महाळुंगाचाच एक प्रकार. आपल्या परसासाठी मात्र साधं महाळुंगच बरं.

या झाडाचं कूळ मोठं आहे. ईशान्य भारत आणि हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश हे त्याचं माहेर मानलं जातं. लिंबू कुळातल्या मूळ जातींत महाळुंग, पपनस आणि मँडरिन संत्रं ही तीन महत्त्वाची. बाकीची बरीचशी फळं यांच्या आणि यांच्या भाईबंदांच्या संकरातून झालेली. आपण रोज भातावर पिळतो त्या कागदी लिंबाचा एक पालक महाळुंगच आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे, तेही महाळुंगच. घाट चढून दर्शनाला जाणाऱ्या कोकणी माणसानं ते पाहिलेलं असतं, पण ते फळ आपल्या दारात येऊ शकतं हे सहसा मनात येत नाही.

जागा निवडताना

इथे घाई करू नका, कारण कोकणातलं महाळुंग बहुतेक वेळा जागेमुळे मरतं.

आपल्याकडे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर, कुठे त्याहून अधिक पाऊस पडतो. महाळुंगाच्या मुळांना ओल चालते, साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. मुळाशी पाणी तुंबलं की डिंक्या रोगाची बुरशी बुंध्यात शिरते. साल तडकते, तिच्यातून डिंक पाझरतो, पानं पिवळी पडतात आणि पुढच्या उन्हाळ्यात झाड वाळतं. उन्हाळ्यात वाळलं म्हणून लोक पाण्याला बोल लावतात आणि दुसऱ्या झाडाला आणखी पाणी घालतात. खरा घाव मागच्या आषाढातच बसलेला असतो.

म्हणून एप्रिल-मे महिन्यात, जागा ठरवण्याआधी, दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा आणि तो पाण्यानं भरा. रात्रभरात पाणी जिरलं तर जागा चांगली. सकाळीही तळाशी पाणी दिसलं तर तिथे खड्ड्यात झाड लावू नका. सड्यावर आणि कातळाच्या जागी हे हमखास होतं. जांभ्यात खोदलेला खड्डा म्हणजे पावसाळ्यातलं टाकंच. अशा ठिकाणी खाली जाण्याऐवजी वर या. जांभ्याच्या चिऱ्यांचं किंवा दगडांचं चार-पाच फूट व्यासाचं कडं रचा, दगडांच्या मधे चिखल न लावता ते सुकेच रचा म्हणजे पाणी फटींतून निघून जाईल, आणि आत दीड फूट उंचीपर्यंत माती भरून त्यावर रोप लावा. भाताच्या खाचराच्या बांधावर लावायचं असेल तरी हीच पद्धत.

न्हाणीच्या सांडपाण्यावर झाड लावायची आपल्याकडे जुनी सवय. केळ, अळू, कर्दळ यांना ते चालतं, महाळुंगाला नाही. बारमाही ओल आणि साबणाचा खार, दोन्ही त्याला बाधतात.

समुद्राच्या अगदी जवळ, पुळणीच्या वाडीत, दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे खारा वारा. लिंबूवर्गीय झाडं मिठाला नाजूक असतात, पानांच्या कडा करपतात. समुद्राच्या बाजूनं सुरू, उंडी, भेंडी अशा झाडांचा किंवा घराचाच आडोसा हवा. दुसरी म्हणजे विहिरीचं पाणी. खाडीकाठच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात. तेव्हा तुमची विहीर मचूळ होत असेल तर झाडासाठी गोड्या पाण्याची वेगळी सोय असल्याखेरीज लावू नका.

ऊन किती हवं? दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन मिळालं तर उत्तम. नारळ-पोफळीच्या दाट आगरात झाड जगतं, पण उंच काटकुळं होतं आणि फळ धरत नाही. आगराच्या दक्षिण किंवा पूर्व कडेला, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, धरून लावलेलं झाड चांगलं येतं. गडग्यापासून पाच-सहा फूट अंतर ठेवा, नाहीतर पुढे काट्यांतून वाट काढत फळ काढावं लागतं. दोन झाडं लावायची तर त्यांच्यात पंधरा फूट ठेवा.

रोप कसं करावं

बी, छाट आणि गुटी या तीन वाटा घरच्या माणसाला जमण्याजोग्या आहेत.

बियांपासून रोप सहज उगवतं. महाळुंगाची फुलं बहुधा स्वतःच्याच परागानं फळतात, त्यामुळे रोपं मातृवृक्षासारखीच निघण्याचा संभव बराच असतो. बी मात्र ताजंच लावावं, सुकवून ठेवलं की उगवण घटते. फळ चिरलं त्याच दिवशी बिया धुऊन शेणखत, माती आणि वाळू सारख्या प्रमाणात घेतलेल्या पिशवीत अर्धा इंच खोल टोचाव्यात. अडचण वेळेची. बियांचं झाड फळायला छाटाच्या झाडापेक्षा बरीच वर्षं जास्त घेतं आणि काटेही जास्त मारतं.

छाट कलम ही या झाडाची खास सोय. आंब्याची फांदी मातीत खोचून कुणाचं झाड झालेलं नाही, महाळुंगाचं होतं. दोन ते चार वर्षांची, अंगठ्याएवढी जाड, निरोगी फांदी निवडा. वीत-दीड वीत लांबीचे तुकडे करा, खालचा काप गाठीच्या लगेच खाली तिरका घ्या. जाडसर वाळू आणि कुजलेलं खत भरलेल्या पिशवीत तुकड्याचा दोन तृतीयांश भाग खोल पुरा आणि वरची दोन-तीन पानं राहू द्या. पिशव्या पागोळीच्या आत, पडवीच्या कडेला ठेवा. हवेतला दमटपणा मिळतो आणि झोडपणारा पाऊस लागत नाही. हे काम मृगात करावं. महिना-दीड महिन्यात फूट दिसते, पण फूट दिसली म्हणजे मुळं आली असं नव्हे. ओढून बघायचा मोह आवरा. पिशवीच्या तळातून मुळं डोकावली की समजा रोप तयार आहे.

गुटी सगळ्यात भरवशाची, आणि पावसाळा असल्यानं आपल्याकडे ती फारशी देखभाल मागत नाही. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवर, टोकापासून हात-दीड हात मागे, एक इंच रुंदीची साल गोल काढा. खालचा हिरवट-बुळबुळीत थर चाकूच्या पाठीनं खरवडून टाका. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं सुटत नाहीत. वरच्या कापाला मुळं फुटण्याची पावडर चोळली तर काम लवकर होतं, नसली तरी अडत नाही. ओलं करून घट्ट पिळलेलं शेवाळ किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा मुठीएवढा त्याभोवती दाबा आणि पारदर्शक प्लास्टिकनं दोन्ही टोकांना आवळून बांधा. प्लास्टिक पारदर्शक असलं की आतली पांढरी मुळं दिसतात. दीड-दोन महिन्यांत ती तपकिरी व्हायला लागली की फांदी खालून कापा, निम्मी पानं छाटा, पिशवीत लावा आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत सावलीत वाढवा.

छाट आणि गुटीचं झाड स्वतःच्याच मुळांवर उभं असतं, आणि महाळुंगाची स्वतःची मुळं डिंक्याला बळी पडणारी असतात. जमीन भारी आणि पाणी धरणारी असेल तर रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे त्याच्या मुळांच्या रोपावर, डोळा भरलेलं कलम घेतलेलं बरं. निचऱ्याच्या जमिनीत स्वमूळ झाड पुरेसं होतं.

यहुदी धर्मात मात्र कलमी महाळुंगाला थाराच नाही. सुक्कोथ या त्यांच्या शरद ऋतूतल्या सणाला ज्या चार वनस्पती हाती धरतात, त्यांत महाळुंग असतं, आणि ते दुसऱ्या झाडाच्या खुंटावर वाढलेलं चालत नाही. फळ निर्दोष हवं, डाग-चिरा नसलेलं, आणि टोकाचं बोंड ज्या जातीत टिकतं तिथे ते शाबूत असलेलं. आपल्या रायगडात अलिबाग, रेवदंडा भागात शतकानुशतकं राहिलेल्या, तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या म्हणून शनवार तेली म्हटल्या गेलेल्या बेने इस्रायल समाजाचा धर्म तो हाच. हिंदूंची देवी आणि यहुद्यांचा सण, दोघांनीही हेच फळ निवडावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लावणी आणि पहिली दोन वर्षं

खणलेला खड्डा महिनाभर उन्हात तापू द्या. रोहिणीच्या सुमारास तो भरा. तळाला फुटके चिरे किंवा खडी वीतभर, मग वरच्या थरातली माती, दोन-तीन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत, किलोभर निंबोळी पेंड आणि जंगलातला पालापाचोळा. भराव जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा, कारण पहिल्या पावसात तो खाली बसतो आणि नेमकं त्या खळग्यातच पाणी साचतं. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राकडे माती तपासून घ्या. चुना घालायचा की नाही आणि किती, ते त्या अहवालावरून ठरवा, अंदाजानं नको.

रोप लावायचं मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर. पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच गाडा. कलमाचा जोड मातीच्या वर किमान वीतभर राहिलाच पाहिजे. काठीचा आधार द्या आणि सुंभ सैल बांधा. पाण्याची हमखास सोय असेल तर हस्ताचा पाऊस सरताना लावणी केली तरी चालते. तेव्हा कुजण्याचा धोका कमी आणि शिंपण्याचं काम जास्त.

दसऱ्यानंतर आळं करा, पण दुहेरी. बुंध्याभोवती वीत-दीड वीत अंतरावर मातीचा एक लहान बांध आणि त्याबाहेर दुसरा मोठा. पाणी या दोन बांधांच्या मधल्या चरात सोडायचं म्हणजे ते बुंध्याला शिवत नाही. डिंक्याला दूर ठेवायची ही सगळ्यात स्वस्त युक्ती. पहिल्या वर्षी हिवाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी बादलीभर, उन्हाळ्यात एकाआड एक दिवस. मोठ्या झाडाला आठवड्यातून एकदा तीन-चार बादल्या पुरतात. चरावर पेंढा, सुका पाला किंवा नारळाची सोडणं पसरा. बुंध्याला मात्र आच्छादन टेकू देऊ नका. आणि रोहिणी लागली की आळं मोडून टाका, बुंध्याशी मातीचा उतार बाहेरच्या बाजूला करा. भर पावसात आळं तसंच राहिलं तर वर्षभराची मेहनत दोन महिन्यांत वाहून जाते.

खताचं थोडक्यात सांगतो. पावसाच्या तोंडावर एक हप्ता आणि पाऊस ओसरल्यावर दुसरा. जुलैत घातलेलं खत समुद्राला जातं, झाडाला नाही. वाढत्या झाडाला वर्षाला दहा किलो आणि फळत्या झाडाला पंचवीस-तीस किलो शेणखत, सोबत एक-दोन किलो पेंड. पानं लहान झाली, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर बहुधा जस्ताची कमतरता. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना मिसळून नव्या पालवीवर फवारावं.

शत्रू कोण, आणि कधी

लहान रोपाचा पहिला शत्रू लिंबावरच्या फुलपाखराची अळी. कोवळ्या वयात ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून नजरेतून सुटते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि चार दिवसांत रोप पर्णहीन करते. औषध मारण्याची गरज नाही. रोज सकाळी पानं उलटून बघा, हातानं वेचा. झाड डोक्याएवढं झालं की अळी दिसली तरी सोडून द्या, त्याला त्याचं काही वाटत नाही.

नव्या पानांवर चंदेरी नागमोडी रेषा दिसल्या की ती नागअळी. तिला नवी पालवी हवी असते, म्हणून पावसाळ्यात छाटणी करून पालवी फोडू नये. पाच टक्के निंबोळी अर्क पालवी बोटभर असतानाच फवारला तर उपयोग होतो.

पानांवर, फांद्यांवर, फळांवर खरखरीत तपकिरी फोड आणि भोवती पिवळं वलय, हा खैऱ्या. आपल्या दमट हवेत तो पसरतो. रोगट फांद्या कोरड्या दिवशी छाटून जाळाव्यात आणि एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावं.

हे मिश्रण घरीच करता येतं. दहा लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवा, चुना गाळून घ्या, आणि मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत ढवळा. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला, नाहीतर पानं करपतील. केलेलं मिश्रण त्याच दिवशी वापरावं. हेच दोन पदार्थ १०० ग्रॅम प्रत्येकी आणि पाणी फक्त एक लिटर घेतलं की बोर्डो मलम होतं. ते वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात, बुंध्याला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ब्रशनं लावा. एवढं एक काम नेमानं करणाऱ्याचं झाड सहसा दगावत नाही. डिंक पाझरताना दिसलाच तर तेवढी साल निरोगी भाग लागेपर्यंत धारदार चाकूनं खरवडा, ते तुकडे जाळा आणि वर मलम भरा.

पिकू लागलेल्या फळाला सुईच्या टोकाएवढं भोक आणि भोवती मऊ डाग दिसला तर ते रात्री येणाऱ्या रस शोषणाऱ्या पतंगाचं काम. याची अळी गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते, त्यामुळे जंगलाला लागून असलेल्या वाड्यांत हा त्रास अधिक. फळं थोडीच असतात. प्रत्येक फळाला कापडी किंवा कागदी पिशवी बांधणं हाच सोपा उपाय.

फुलोरा, टेकू आणि छाटणी

महाळुंग वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलतं. मोठा बहर थंडी सरताना येतो, आणि त्याची फळं भाद्रपद ते कार्तिकाच्या सुमारास हाताशी येतात. पहिल्या बहराला फुलांचा सडा पडलेला पाहून घाबरू नका. या झाडाची कितीतरी फुलं निव्वळ नर असतात, ती फळणारच नसतात. फूल उचलून बघा. मधोमध हिरवा गोळा नसेल तर ते गळायचंच होतं.

फांद्या बारीक आणि फळ जड, त्यामुळे फांदी मोडते. फळ लिंबाएवढं झालं की एका बारीक फांदीवर एकच ठेवा आणि खाली बांबूचा दुबेळका टेकू द्या. वाऱ्यानं फळ घासून ज्या काट्यांवर आपटेल ते काटे कात्रीनं आधीच खुडा. जमिनीपासून दोन फुटांपर्यंतच्या लोंबत्या फांद्या छाटा, कारण चिखलाचे शिंतोडे उडालेलं खालचं फळ हमखास कुजतं. सरळ वर पळणारे जोमदार पाणसोट आणि कलमाच्या जोडाखालची फूट दिसेल तेव्हा काढा. मोठी छाटणी करायची तर ती पाऊस पूर्ण थांबल्यावर.

फळ ओढून काढू नका, देठ अर्धा इंच ठेवून कात्रीनं कापा. कधी कापायचं ते कशासाठी हवं त्यावर ठरतं. साखरेत मुरवायला आणि लोणच्याला फळ वीतभरापेक्षा थोडं कमी, हिरवं आणि कडक असतानाच काढावं, तेव्हा साल घट्ट असते. हिरव्याचं पिवळं व्हायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा घाई नसते. पूजेला, वासाला आणि सरबताला पूर्ण पिवळं झालेलं. असं फळ घरात ठेवलं तर खोली दरवळते. ट्रंकेत ठेवणीतल्या कपड्यांत ठेवायलाही ते चांगलं. ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टस यानं सुमारे २३०० वर्षांपूर्वी महाळुंगाबद्दल नोंदवलेल्या गोष्टींत हीच एक आहे, की कपड्यांत ठेवलं तर कसर लागत नाही.

लोणचं

एक किलो फळ धुऊन अगदी कोरडं करा. पावसाळी हवेत पुसून भागत नाही, पंख्याखाली तास-दोन तास ठेवा. उभं चिरून बिया काढा, एकही राहू देऊ नका, कडवटपणा बराचसा त्यांतून येतो. फोडींवरचे चिवट पापुद्रे काढा. पांढरी साल मुळीच फेकू नका. ती पपनसासारखी कडू नसते, चावून पाहिलीत तर चक्क गोडसर लागेल. बोटाच्या पेराएवढे तुकडे करा.

तुकड्यांना १५० ग्रॅम जाडं मीठ आणि दोन चमचे हळद चोळून चिनी मातीच्या बरणीत भरा. आता महत्त्वाचं. महाळुंगाला स्वतःचा रस इतका थोडा असतो की मिठाचं पाणी सुटून तुकडे बुडत नाहीत, आणि न बुडलेल्या तुकड्यांना बुरा येतो. म्हणून आठ-दहा कागदी लिंबांचा रस वरून घाला. बरणीच्या तोंडाला कापड बांधून आठ-दहा दिवस रोज हलवा. साल किंचित पारदर्शक आणि मऊ झाली की मसाला. पाव किलो तेल चांगलं तापवून कोमट होऊ द्या, त्यात चमचाभर हिंग, दोन चमचे तळून कुटलेली मेथी, १०० ग्रॅम मोहरीची डाळ आणि आवडीप्रमाणे ५० ते ७५ ग्रॅम तिखट. पूर्ण गार झालं की बरणीत मिसळा. गोड हवं असेल तर मसाल्याऐवजी ४०० ग्रॅम चिरलेला गूळ, थोडं जिरं आणि तिखट घालून मुरू द्या. महिनाभरानं दोन्ही खाण्याजोगी होतात. तांदळाच्या पेजेबरोबर हे लोणचं खाऊन बघा.

ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई नसलेलं पितळी भांडं कुठल्याही टप्प्यावर वापरू नका.

साखरेत मुरवलेली साल

भूमध्य समुद्राकाठी, इटली आणि कोर्सिकात, महाळुंगाची साल आधी खाऱ्या पाण्यात मुरवून मग पाकात शिजवतात आणि केक-मिठाईत घालतात. घरी हे करता येतं, फक्त धीर हवा आणि कोरडी हवा हवी. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हाआधी सुरू करू नका.

फळाचे चार भाग करून फोडी काढून टाका. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ या प्रमाणात केलेल्या पाण्यात सालीचे तुकडे तीन-चार दिवस बुडवून ठेवा, रोज पाणी बदला. मग साध्या पाण्यात धुऊन दोनदा उकळा, दोन्ही वेळचं पाणी फेकून द्या, आणि सुई सहज शिरेल इतकं मऊ होऊ द्या. सालीच्या वजनाइतकी साखर, निम्मं पाणी, उकळी आली की साल घालून पाच मिनिटं शिजवा आणि झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी साल बाहेर काढून फक्त पाक उकळून थोडा आटवा, त्यात मूठभर साखर वाढवा आणि साल परत सोडा. असं पाच-सहा दिवस. एकाच दिवशी दाट पाकात शिजवली तर साल आक्रसून चामड्यासारखी होते. हळूहळू पाक आत शिरला तर ती काचेसारखी पारदर्शक होते. शेवटी चाळणीवर निथळून दोन-तीन दिवस सावलीत सुकवा आणि घट्ट डब्यात भरा. उरलेला पाक टाकू नका, पाण्यात घालून त्याचं सरबत उत्तम होतं.

मुरंबा करायला याहून सोपं. पिवळं फळ सालीसकट किसा, किस एकदा उकळून पिळून घ्या, सव्वापट साखर घालून मंद आचेवर पाक दोन तारी होईपर्यंत शिजवा, वेलदोडा घाला.

सरबतासाठी पिकल्या फळाची फक्त वरची पिवळी साल किसून साखरेत चोळा आणि तासभर झाकून ठेवा. सालीतलं सुगंधी तेल साखरेत उतरतं. त्यात कागदी लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि गार पाणी घाला. चव लिंबाची, वास महाळुंगाचा.

औषध आणि बाजार

आयुर्वेदात याला मातुलुंग किंवा बीजपूर म्हणतात. साल, आतलं केसर (म्हणजे फोडींतला रसाळ गर), बी आणि मूळ यांचे गुण तिथे वेगवेगळे सांगितले आहेत. बाहेरची साल कडू आणि पचायला जड, केसर हलकं आणि भूक वाढवणारं. म्हणून साल खायची ती लोणच्यासारखी, थोडी. अरुची, मळमळ यांवर केसर मीठ किंवा साखर लावून चघळण्याची घरगुती पद्धत आहे आणि तेवढी निर्धोक आहे. त्यापुढचं, विशेषतः मूतखड्यावर किंवा गरोदरपणात काही घ्यायचं असेल तर वैद्यांना विचारूनच.

कुणी एकरभर लावण्याचा विचार करत असेल तर आधी गिऱ्हाईक शोधावं, मग खड्डे खणावेत. ताज्या फळाला मंडईत रोजचा उठाव नाही. देवळांजवळचे पूजासाहित्याचे दुकानदार, आयुर्वेदिक औषधं करणारे आणि लोणची-मुरंबे करणारे बचत गट, हे खरे घेणारे. त्यांच्याशी बोलून किती फळ, हिरवं की पिवळं, हे ठरवून घ्या. गडग्याच्या कडेनं आंबा-काजूच्या बागेत पाच-दहा झाडं लावली तर वेगळी जागाही जात नाही. आणि घरापुरतं म्हणाल तर एक झाड पुष्कळ झालं, फक्त ते दहा-बारा वर्षांचं झालं की त्याच्या अंगाखांद्यावर एक गुटी बांधायला विसरू नका.